ब्रिटनमधील सर्जिकल फर्स्ट असिस्टंट परिचारिकेचे रिव्हॅलिडेशन : नोंदणी आणि कौशल्य, दोन्ही कसे टिकवावे

मूळच्या साताऱ्याच्या आणि सध्या इंग्लंडमधील एका एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) रुग्णालयाच्या थिएटरमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, काम करणाऱ्या एका परिचारिकेने चार गोष्टी विचारल्या आहेत. त्यांनी सर्जिकल फर्स्ट असिस्टंटचा (एसएफए), म्हणजे शस्त्रक्रियेत सर्जनला साहाय्य करणाऱ्या सहायकाचा, अभ्यासक्रम पूर्ण केला असून पुढच्या वर्षी त्यांचे पहिले रिव्हॅलिडेशन, म्हणजे परिचारिका म्हणून असलेल्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी होणारे नूतनीकरण, आहे. एसएफए म्हणून केलेले काम त्यासाठी धरले जाते का, रिव्हॅलिडेशन झाले की एसएफएची पात्रताही आपोआप नवी होते का, भूल दिलेल्या रुग्णांकडून अभिप्राय आणायचा कसा आणि ‘रिफ्लेक्शन’ (स्वतःच्या कामावरील चिंतन) लिहायचे म्हणजे नेमके काय लिहायचे, असे त्यांचे प्रश्न आहेत. महाराष्ट्रातील नोंदणीचे काय करावे, हा पाचवा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला आहे. थिएटरमध्ये सहायक म्हणून काम करता करता मी अनेक सहकाऱ्यांच्या रिफ्लेक्टिव्ह चर्चांसाठी बसत आले आहे, त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देते.

सर्वांत आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण बाकीचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. रिव्हॅलिडेशनने एसएफएची पात्रता नवी होत नाही. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, ही ब्रिटनमधील परिचारिकांची नियामक संस्था आपली नोंदणी ‘परिचारिका’ म्हणून ठेवते. एसएफए अशी वेगळी नोंद त्या नोंदवहीत नसते. दर तीन वर्षांनी नवी होते ती परिचारिका म्हणून असलेली नोंदणी. सर्जनच्या समोर उभे राहून रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरणारे उपकरण) धरण्याची मुभा आपल्याला तीन गोष्टींमुळे मिळते : मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, नोकरीच्या वर्णनात या भूमिकेचा स्पष्ट उल्लेख आणि रुग्णालयाचे लेखी धोरण. या तिन्हींपैकी एक जरी ढिले पडले, तरी एनएमसीच्या खात्यावर सारे काही व्यवस्थित दिसत असतानाही आपण थिएटरमध्ये अधिकाराबाहेर काम करत असू शकतो. म्हणून दोन फायली ठेवाव्यात, एक नोंदणीची आणि एक सहायकाच्या कौशल्याची. दोन्हींत काही कागद सामाईक असतील, पण एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

कौशल्याच्या फायलीबद्दल आधी सांगते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होते. एसएफएच्या कामाची चौकट पेरिऑपरेटिव्ह केअर कोलॅबोरेटिव्ह या संयुक्त गटाच्या निवेदनांनी आखून दिली आहे. २०१२ मध्ये त्यांनी ‘सर्जिकल फर्स्ट असिस्टंट’ हे नाव रूढ केले आणि २०१८ मध्ये निवेदन सुधारले. रुग्णाला टेबलावर योग्य स्थितीत ठेवणे, त्वचा निर्जंतुक करणे, ड्रेप (निर्जंतुक आच्छादने) लावणे, सर्जनने लावून दिलेला रिट्रॅक्टर धरणे, सर्जनच्या सूचनेनुसार सक्शन करणे, टाक्यांचे धागे कापणे, ड्रेसिंग करणे ही कामे या चौकटीत बसतात. रिट्रॅक्टर धरणे आपले काम आहे, पण तो आत कुठे लावायचा हे ठरवून लावणे सर्जनचे काम आहे. टाके घालणे, ऊती छेदणे ही कामे या भूमिकेत येत नाहीत. त्यासाठी सर्जिकल केअर प्रॅक्टिशनर हे वेगळे, पदव्युत्तर पातळीचे प्रशिक्षण आहे. भारतातील अनेक रुग्णालयांत अनुभवी सिस्टर त्वचेचे टाके सहज घालतात आणि सर्जनही ते गृहीत धरतात. तिथे कमावलेला हात इथे आपोआप ग्राह्य धरला जात नाही, हे महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येकीने पक्के लक्षात ठेवावे. ‘मला येते’ आणि ‘मला या रुग्णालयात ते करण्याची लेखी परवानगी आहे’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे, आणि चौकशीच्या वेळी फक्त दुसरे विधान उपयोगी पडते.

दुहेरी भूमिकेचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. संध्याकाळची शस्त्रक्रियांची यादी लांबते, कनिष्ठ डॉक्टरला अपघात विभागातून बोलावणे येते, आणि सर्जन स्क्रब असलेल्या, म्हणजे निर्जंतुक पोशाखात उपकरणे देणाऱ्या, परिचारिकेला म्हणतात, ‘हे जरा धरता का?’ उपकरणे देणे आणि स्वॅबची (रक्त टिपण्याच्या कापडी घड्यांची) मोजणी सांभाळणे हे एक पूर्ण काम आहे. त्याच वेळी रिट्रॅक्टरही हातात घेतला, तर दोन्हीकडचे लक्ष अर्धे होते. किरकोळ शस्त्रक्रियांसाठी, जोखमीचे मूल्यमापन करून केलेले लेखी धोरण असेल तरच अशी दुहेरी भूमिका घ्यावी, अन्यथा नाही, अशी व्यावसायिक भूमिका आहे. ही गोष्ट ऐन शस्त्रक्रियेत सांगण्याची वेळ येऊ नये म्हणून सकाळच्या टीम ब्रीफमध्येच, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीत, विचारावे की आज प्रत्येक शस्त्रक्रियेला सहायक कोण आहे. तिथे विचारणे सोपे असते, आणि कोणाचा मानही दुखावत नाही.

तर कौशल्याच्या फायलीत काय असावे? अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, सध्याच्या नोकरीचे वर्णन, धोरणाची ताजी प्रत, कोणकोणत्या प्रकारच्या शस्त्रक्रियांना सहाय्य केले त्याची रुग्णाची ओळख न देणारी नोंद, आणि वर्षातून एकदा सल्लागार सर्जन व व्यवस्थापक यांच्यासोबत केलेल्या कौशल्य-पडताळणीचे सह्या असलेले कागद. असोसिएशन फॉर पेरिऑपरेटिव्ह प्रॅक्टिस या हॅरोगेटस्थित संस्थेने एसएफएसाठी कौशल्य-मूल्यमापनाचा संच तयार केला आहे. रुग्णालयाचा स्वतःचा नमुना नसेल तर त्याचा आधार घेता येतो. रुग्णालय किंवा शाखा बदलली, उदाहरणार्थ अस्थिशल्य विभागातून पोटाच्या शस्त्रक्रियांकडे गेलात, तर जुन्या सह्यांवर विसंबू नये आणि नव्या शाखेतील पडताळणी नव्याने मागून घ्यावी.

आता नोंदणीच्या फायलीकडे येते. रिव्हॅलिडेशनची ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांत ४५० तास प्रत्यक्ष व्यवसाय, ३५ तास सातत्यपूर्ण व्यावसायिक शिक्षण, पाच अभिप्राय, पाच लेखी रिफ्लेक्शन, एक रिफ्लेक्टिव्ह चर्चा, आरोग्य व चारित्र्याची घोषणा, नुकसानभरपाईच्या संरक्षणाची घोषणा आणि शेवटी पुष्टी (सर्व अटी पूर्ण झाल्याची दुसऱ्या व्यक्तीने, सहसा व्यवस्थापकाने, दिलेली ग्वाही), एवढे तिचे घटक आहेत. वाचताना यादी मोठी वाटते, पण पूर्णवेळ काम करणाऱ्या परिचारिकेला यातील कोणताही आकडा जड नाही. आठवड्याचे ३७.५ तास धरले तर ४५० तास म्हणजे अवघे बारा आठवडे होतात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे : एसएफए म्हणून केलेले तास पूर्णपणे धरले जातात, कारण ते काम आपण नोंदणीकृत परिचारिका म्हणूनच करतो. स्क्रबचे, रिकव्हरीचे (शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंतच्या देखरेखीचे), विद्यार्थ्यांना शिकवण्याचे तासही त्यात येतात. रजा, आजारपण, प्रसूती रजा यांचे तास मात्र येत नाहीत. प्रत्येक पाळी लिहीत बसण्याची गरज नाही. सर्वांत अलीकडच्या कामापासून सुरुवात करून ४५० भरेपर्यंत मागे जावे आणि तारखा, संस्थेचे नाव, कामाचे स्वरूप व तास एवढे लिहावे. ब्रिटनमधील नोंदणी मिळण्यापूर्वी साताऱ्यात किंवा पुण्यात केलेले काम यात धरता येत नाही. बाळंतपण आणि त्यानंतर गावी झालेला दीर्घ मुक्काम यांमुळे तास खरोखरच कमी पडणार असतील, तर ते शेवटच्या महिन्यात लक्षात येऊन उपयोग नाही, कारण अशा वेळी रिटर्न टू प्रॅक्टिसचा (व्यवसायात परतण्याचा) अभ्यासक्रम किंवा टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स, म्हणजे क्षमता चाचणी, हे मार्ग उरतात, आणि दोन्हींना वेळ लागतो.

तारखांबाबत होणारा गोंधळ इथेच दूर करते. अर्जाची अंतिम तारीख म्हणजे नोंदणी संपण्याची तारीख नव्हे. आपली नोंदणी ज्या महिन्याच्या अखेरीस संपते, त्या महिन्याची पहिली तारीख ही अर्जाची तारीख असते. नोंदणी ३१ मार्चला संपत असेल तर अर्ज १ मार्चपर्यंत जायला हवा. एनएमसीच्या ऑनलाइन खात्यात अर्ज त्या तारखेच्या ६० दिवस आधी खुला होतो, म्हणजे या उदाहरणात साधारण नववर्षाच्या सुमारास. सूचना ईमेलवर येते. इथे आल्यानंतर घर बदललेल्या, जुना भारतीय फोन क्रमांक बंद केलेल्या आणि ईमेलचा पासवर्ड हरवलेल्या मुलींची संख्या कमी नाही. आजच खात्यात जाऊन पत्ता, ईमेल आणि तारीख तपासा. वार्षिक शुल्क ही तीन वर्षांच्या चक्रापासून वेगळी गोष्ट आहे. ते दरवर्षी भरावे लागते, आणि रिव्हॅलिडेशनच्या वर्षीही ते भरल्याशिवाय नूतनीकरण पूर्ण होत नाही. हे शुल्क आपण स्वतः भरत असाल तर त्यावर प्राप्तिकरात सवलत मागता येते, मागील चार करवर्षांसाठीही. अनेकींना हे ठाऊक नसते.

शिक्षणाच्या ३५ तासांपैकी किमान २० तास सहभागी स्वरूपाचे हवेत, म्हणजे त्यात इतर व्यावसायिकांशी देवाणघेवाण झालेली हवी. एकाच खोलीत असणे आवश्यक नाही, ऑनलाइन चर्चाही चालते. आगीपासून बचावाचे वार्षिक प्रशिक्षण यात धरू नये, कारण आपल्या व्यवसायाशी थेट निगडित नसलेले सक्तीचे प्रशिक्षण मोजले जात नाही. थिएटरमध्ये सहभागी शिक्षणाची वाण नाही, फक्त त्याची नोंद होत नाही. शस्त्रक्रिया विभागाची मृत्यू व गुंतागुंत आढावा बैठक, नव्या उपकरणाचे संपूर्ण टीमसह झालेले प्रात्यक्षिक, सिम्युलेशन, ऑडिटच्या निष्कर्षांवरील चर्चा हे सारे त्यात बसते. तारीख, विषय, तास, आपल्या कामाशी संबंध आणि एनएमसीच्या आचारसंहितेचा कोणता भाग लागू होतो हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे. सहायकाच्या कामाशी जवळचे विषय आवर्जून निवडावेत : रुग्णाच्या स्थितीमुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या इजा, डायथर्मीची (विजेच्या उष्णतेने ऊती कापण्याच्या व रक्तस्राव थांबवण्याच्या तंत्राची) सुरक्षितता, टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा), शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग. कोणत्या का विषयाचे असेना, तास भरले म्हणजे झाले, अशा वृत्तीने केलेले शिक्षण अर्जात चालून जाते, पण त्यावर लिहायला बसल्यावर लेखणी अडते.

अभिप्रायाचा प्रश्न थिएटरच्या परिचारिकांना नेहमी सतावतो. आपला रुग्ण झोपलेला असतो, आणि जागा झाल्यावर त्याला आपला चेहरा आठवत नाही. पण पाचही अभिप्राय रुग्णांचे असावेत असा नियम नाही, आणि ते लेखीच असावेत असाही नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, रिकव्हरीतील परिचारिका, विद्यार्थी, वार्षिक मूल्यमापन, टीमचा डीब्रीफ (दिवसाचे काम संपल्यावरची चर्चा), तक्रार, ऑडिट यांतून आलेले म्हणणे आपण स्वतः टिपून ठेवले तरी ते अभिप्राय ठरते. इंग्लंडमध्ये २०१० पासून रूढ झालेल्या ‘सुरक्षित शस्त्रक्रियेच्या पाच पायऱ्यां’मधली शेवटची पायरी डीब्रीफचीच आहे. घरी जाण्याच्या घाईत ती गाळली जाते, आणि तिच्यासोबत वर्षभराचे अभिप्रायही जातात. तरीही रुग्णांचा आवाज पूर्णपणे वगळू नये, असे मला मनापासून वाटते. मणक्यातून भूल देऊन होणाऱ्या गुडघा व नितंबाच्या शस्त्रक्रिया आणि सिझेरियन यांत रुग्ण जागा असतो. टेबलावर हात पसरून पडलेल्या बाईला आपण काय बोललो, ड्रेपच्या पलीकडे चाललेली चर्चा तिला कशी ऐकू आली, हे दुसऱ्या दिवशी वॉर्डात भेटून विचारले तर ती स्पष्ट सांगते. रुग्णाचे नाव, तारीख, वॉर्ड काहीही लिहू नये. ‘मणक्यातून भूल दिलेल्या एका रुग्णाने सांगितले की खोलीतील हसणे ऐकून भीती वाटली’ एवढे पुरते. पाचही अभिप्राय कौतुकाचे नसावेत, आणि पाचही एकाच सर्जनचे तर नसावेतच.

आता रिफ्लेक्शन. माझ्या मते संपूर्ण रिव्हॅलिडेशनचा जीव इथे आहे, आणि महाराष्ट्रात शिकलेल्या आमच्या मुली इथेच बिचकतात. जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंगमध्ये आपण केस स्टडी आणि केअर प्लॅन भरपूर लिहिलेले असतात. त्यात रुग्ण मध्यभागी असतो आणि लिहिणारी अदृश्य असते. इथे लिहिणारीच मध्यभागी हवी. एनएमसीच्या नमुन्यात चारच प्रश्न आहेत : हे शिक्षण, अभिप्राय किंवा प्रसंग काय होता, त्यातून काय शिकलात, त्यामुळे कामात काय बदल किंवा सुधारणा केली, आणि त्याचा आचारसंहितेशी काय संबंध आहे. चारही प्रश्नांना मोजकी, पण खरी उत्तरे द्यायची असतात. पहिल्या प्रश्नावर पान भरून लिहायचे आणि तिसऱ्यावर ‘आता मी अधिक काळजी घेते’ एवढेच लिहायचे, हा सर्वांत सामान्य दोष आहे.

एक उदाहरण देते. एका सहकारिणीने डायथर्मीवरील एकदिवसीय प्रशिक्षणावर रिफ्लेक्शन लिहिले होते. पहिल्या मसुद्यात प्रशिक्षण उपयुक्त होते, ज्ञानात भर पडली, सुरक्षिततेचे महत्त्व कळले, असे होते. चर्चेत मी एवढेच विचारले की त्यानंतरच्या सोमवारी तुम्ही थिएटरमध्ये कोणती गोष्ट वेगळी केली? थोड्या विचारानंतर त्यांनी सांगितले की डायथर्मीची प्लेट, म्हणजे विद्युतप्रवाह परत नेण्यासाठी रुग्णाच्या त्वचेवर चिकटवलेली पट्टी, केव्हा तपासायची याची त्यांची वेळ बदलली. नितंबाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला आधी उताणे ठेवून भूल देतात आणि मग कुशीवर वळवतात. प्लेट आधीच लावलेली असेल तर वळवताना तिची एक कड उचलली जाते, किंवा खाली त्वचा साफ करण्याचा द्रव साचतो. संपर्काचा भाग कमी झाला की तेवढ्याच जागेतून सारा विद्युतप्रवाह परत जातो आणि त्वचा भाजू शकते. दुसऱ्या नितंबात आधीचे धातूचे रोपण असेल तर प्लेट त्यापासून दूर, चांगला रक्तपुरवठा असलेल्या स्नायूवर असायला हवी, हाडाच्या उंचवट्यावर किंवा जुन्या व्रणावर नको. प्रशिक्षणानंतर त्यांनी ठरवले की रुग्णाची स्थिती बदलली की ड्रेप लावण्याआधी प्लेटवरून पुन्हा एकदा हात फिरवायचा आणि तसे मोठ्याने सांगायचे, आणि ही सवय त्यांनी सोबतच्या नव्या परिचारिकेलाही लावली. हे सारे त्यांनी तोंडाने सांगितले होते, कागदावर यातले काहीच नव्हते. तेच शब्द जसेच्या तसे लिहिल्यावर रिफ्लेक्शन तयार झाले. आचारसंहितेशी संबंध शोधण्याची गरजच उरली नाही : सुरक्षितता जपणे, आपल्या कौशल्याच्या मर्यादेत काम करणे आणि सहकाऱ्यांना ज्ञान देणे हे तिन्ही त्यात आपसूक आले होते.

अशी उदाहरणे सहायकाच्या कामात पावलोपावली मिळतात. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रिट्रॅक्टरमागे सरकवलेला स्वॅब घ्या. इथे स्वॅब पाचाच्या गठ्ठ्यात, लाल दोऱ्याने बांधलेले येतात आणि मोजणी पाचाच्या पटीत होते. आत स्वॅब ठेवला की सहायकाने ते उच्चारून सांगावे, म्हणजे स्क्रब परिचारिकेच्या कानावर आणि फलकावर त्याची नोंद राहते. मोजणीत एक स्वॅब कमी पडला आणि पोट बंद करणे थांबवावे लागले, तर त्या वेळी कोण काय बोलले, कोण गप्प राहिले, आपण स्वतः कधी बोललो, यावर लिहिण्यासारखे खूप असते. प्रसंग वाईटच असायला हवा असे नाही. एखाद्या गोष्टीने काम सुरळीत झाले तर ती का चालली, हेही लिहिता येते.

गोपनीयतेबाबत एक बारकावा आहे. नाव न लिहिणे पुरेसे नसते. दुर्मीळ शस्त्रक्रिया, वय आणि महिना एवढ्यावरून लहान गावात रुग्ण ओळखू येतो, आणि ‘त्या दिवशीचे सर्जन’ म्हणजे कोण हे सगळ्या थिएटरला कळते. जे तपशील शिकण्याच्या दृष्टीने आवश्यक नाहीत ते काढून टाकावेत. आपले लिखाण पुढे आपल्याच विरोधात वापरले जाईल, अशी भीती अनेकींना वाटते. एखाद्या तक्रारीच्या तपासासाठी व्यावसायिकाकडे त्याची वैयक्तिक रिफ्लेक्टिव्ह टिपणे मागणार नाही, असे ब्रिटनमधील आरोग्य नियामक संस्थांनी जून २०१९ मध्ये संयुक्त निवेदनात स्पष्ट केले आहे. तेव्हा भीतीपोटी गुळमुळीत लिहू नये.

भाषेचाही अडसर असतो, तो मान्य केला पाहिजे. माझा सल्ला असा की प्रसंग घडला त्या रात्री मराठीतच चार-सहा ओळी वहीत लिहाव्यात, रुग्णाची ओळख वगळून. काय वाटले, काय खटकले, उद्या काय वेगळे करणार, हे मातृभाषेत चटकन आणि खरे उतरते. इंग्रजी मसुदा नंतर सवडीने करावा, साध्या, छोट्या वाक्यांत. आयते मसुदे किंवा दुसरीचे रिफ्लेक्शन उचलणे पूर्णपणे टाळावे. चर्चेला बसलेल्या माणसाला दोन प्रश्नांत ते कळते, आणि तिथे प्रश्न इंग्रजीचा राहत नाही, प्रामाणिकपणाचा होतो.

रिफ्लेक्टिव्ह चर्चा कोणाशी करायची, याबाबत थिएटरमध्ये एक खास अडचण येते, तिच्याकडे नीट लक्ष द्या. ही चर्चा एनएमसीच्या नोंदणीतील व्यक्तीशीच व्हावी लागते. पण अनेक थिएटरांचे व्यवस्थापक ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर, म्हणजे ओडीपी (थिएटरमधील, पण परिचारिका नसलेले व्यावसायिक), असतात, आणि त्यांची नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे असते. असे व्यवस्थापक कितीही अनुभवी असले तरी रिफ्लेक्टिव्ह चर्चेसाठी चालत नाहीत. मात्र तेच व्यवस्थापक पुष्टी देणारे म्हणून चालतात, कारण आपला थेट व्यवस्थापक एनएमसीच्या नोंदणीत नसला तरी पुष्टी देऊ शकतो. म्हणजे आधी एखाद्या नोंदणीकृत परिचारिकेसोबत चर्चा करून तिचे नाव, पिन (एनएमसीचा नोंदणी क्रमांक) आणि सही असलेला अर्ज भरून घ्यायचा, आणि मग तो व्यवस्थापकांपुढे ठेवायचा. व्यवस्थापक स्वतः परिचारिका असतील तर दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत होतात. चर्चेसाठी शक्यतो सहायकाचे काम जाणणारी, पण आपली जिवलग मैत्रीण नसलेली व्यक्ती निवडावी. मैत्रीण सही करते, प्रश्न विचारत नाही.

पुष्टी ही तीन वर्षांच्या चक्रातील शेवटच्या बारा महिन्यांत व्हायला हवी. पुष्टी देणारी व्यक्ती आपण सर्व अटी पूर्ण केल्या एवढेच सांगते. आपण उत्तम परिचारिका आहोत की नाही, हा निवाडा तिने करायचा नसतो. वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीलाच हे जोडले तर सर्वांचा वेळ वाचतो, आणि एसएफएच्या कौशल्याची वार्षिक पडताळणीही त्याच दिवशी मागता येते. दोन्ही फायली एकत्र पुढे ठेवण्याचा तो एक दिवस आधीच ठरवून घ्यावा.

घोषणांविषयी थोडक्यात सांगते. पोलिसांची ताकीद, शिक्षा किंवा दुसऱ्या नियामक संस्थेने दिलेला प्रतिकूल निर्णय कळवावा लागतो, आणि दुसरी नियामक संस्था म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलसुद्धा. नुकसानभरपाईचे संरक्षण एनएचएसमधील नोकरीच्या कामासाठी मालकाकडून असते. पण सुटीच्या दिवशी एखाद्या सर्जनच्या खासगी यादीला स्वतंत्रपणे सहायक म्हणून जाण्याचा विचार असेल तर ते संरक्षण तिथवर पोचत नाही. शस्त्रक्रियेतील सहाय्य आपल्या विम्यात समाविष्ट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. आणि नोकरीच्या व्हिसावर असाल तर असे काम व्हिसाच्या अटींत बसते का, हा प्रश्न विम्याच्याही आधी विचारावा.

अर्ज भरताना पुरावे अपलोड करायचे नसतात, घोषणा करायची असते. काही जणांची निवड पडताळणीसाठी होते. त्यांच्याकडे अधिक माहिती मागितली जाते आणि पुष्टी देणाऱ्यांशीही संपर्क साधला जातो. पडताळणी चालू असताना नोंदणी चालूच राहते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. संपूर्ण संच पुढचे रिव्हॅलिडेशन होईपर्यंत जपून ठेवावा. खरी भीती मुदत चुकण्याची आहे. नोंदणी खंडित झाली की त्या दिवसापासून नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि पुन्हा नोंदवहीत येण्यास साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. त्या काळात पगार आणि पद दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. आजारपण, प्रसूती, घरचे संकट अशा अपवादात्मक कारणांसाठी मुदतवाढ किंवा साहाय्याची मागणी करता येते, पण ती अर्जाची तारीख उलटण्याआधी करावी लागते.

महाराष्ट्रातील नोंदणीचे विचारले आहे. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ खालील आपली नोंदणी वेगळी आहे, आणि ब्रिटनमधील रिव्हॅलिडेशनचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि त्याला जोडून भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत १५० तास निरंतर शिक्षणाची अट ठेवली आहे. परत येऊन पुण्या-मुंबईत काम करण्याची थोडीशीही शक्यता असेल तर ती मुदत संपू देऊ नये. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला असून त्यात राष्ट्रीय व राज्य नोंदवह्यांची तरतूद आहे, त्यामुळे कौन्सिलची परिपत्रके अधूनमधून पाहत राहावीत. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी एक काम आत्ताच उरकावे. जुन्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे आणि एनएमसीच्या नोंदवहीत तिसराच क्रम असेल, तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र व नावबदलाच्या राजपत्राची प्रत दोन्ही फायलींत ठेवावी आणि पुढच्या सुटीत गावी गेल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीतही दुरुस्ती करून घ्यावी.